कथेखालचा फोन नंबर

माझी कादंबरी आमच्या घरात सगळ्यांच्या उपयोगी पडली आहे. फ्रिज एका बाजूला कलत होता, त्याच्या पायाखाली तिची एक प्रत सारली आणि फ्रिज सरळ झाला. पावसाळ्यात दहिवलीच्या आमच्या घरात फरशीला ओल येते, तेव्हा पिठाचा डबा तिच्या गठ्ठ्यावर चढतो. बाकीचे गठ्ठे पलंगाखाली आहेत. वाचायला तेवढी ती कुणी घेतली नाही.

हल्ली एखादा नवा लिहिणारा मला विचारतो, "पहिलं पुस्तक कसं काढायचं हो?" मी त्याला वाकून पलंगाखाली बघायला सांगतो. मग म्हणतो, बाबा रे, आधी चारचौघांच्या पुस्तकात जा. प्रातिनिधिक संग्रहांना कथा पाठव. तो विचारतो, त्यानं काय होतं? मग मला ही हकिकत सांगावी लागते. सांगताना दरवेळी वाटतं, आपण हिच्यात जरा कमी गाढव असतो तर बरं झालं असतं.

कर्जतच्या वाचनालयात आम्ही काही लिहिणारे अधूनमधून जमतो. आधी पंख्याखालच्या खुर्च्यांवरून कुरबुर होते, मग साहित्यावर बोलणं होतं. जमवणारे एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात. सरांनी ठरवलं की आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांच्या कथांचा एक संग्रह काढायचा. मी तोंड वाकडं केलं. माझ्या नावावर अख्खी कादंबरी होती, मी काय बाकीच्यांबरोबर रांगेत उभा राहू?

बायको म्हणाली, "राहा की. रांगेत निदान कुणी धक्का तरी देईल."

मी खोपोलीजवळ साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून आहे. ग्रीस, हातमोजे, नटबोल्ट असलं सामान मागणीप्रमाणे द्यायचं, हे माझं काम. तिथं बसून मी कथा लिहायला घेतली आणि सरांनी घातलेल्या शब्दमर्यादेला जाऊन धडकलो. माझं सगळ्यात आखूड लिखाणसुद्धा तिच्या तिप्पट होतं. पहिली तीन पानं नुसता सूर्य उगवत होता. तो काढला तर कथा सुरू झाली. मधे नायक एका टेकडीवर जाऊन विचार करायचा. टेकडी काढली, विचारही गेले, कुणाला पत्ता लागला नाही. कादंबरीच्या वेळी मला असं कुणी सांगितलं नव्हतं. ती मी स्वतःच छापून घेतली होती आणि छापणाऱ्याला पानं वाढलेलीच हवी होती. आपण किती फुकट बोलतो हे मला संग्रहानं पहिल्यांदा दाखवलं. ते काही सुखाचं दर्शन नव्हतं.

सरांनी आणखी एक काढलं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडं सावड करतात; आज सगळे तुमच्या शेतावर, उद्या आमच्या. सरांनी तशी कथांची सावड लावली. प्रत्येकानं दुसऱ्या एकाची कथा वाचायची आणि काय खटकलं ते त्याला लिहून कळवायचं. माझी जोडी लागली साजगावच्या पलीकडं राहणाऱ्या एका बाईंशी. माझ्या कारखान्यापासून जवळच एका कंपनीत त्या पॅकिंगला होत्या. बैठकींना फारशा येत नसत, शिफ्ट असायची.

त्यांची कथा साधी होती. पुष्कळ दिवस बेपत्ता असलेला नवरा एका संध्याकाळी घरी येतो. बायको काही विचारत नाही. त्याच्या हातातला जेवणाचा डबा घेते, घासायला टाकते आणि चुलीवर भात चढवते. इथवर मलासुद्धा काही खोट काढता येईना. पण पुढं शेजारपाजार गोळा होत होता, सगळे रडत होते आणि देवळातली घंटा वाजत होती. घंटा दिसल्यावर माझ्यातला समीक्षक बाह्या सरसावून उठला. मी लांबलचक अभिप्राय लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "असं कुणी परत येत नसतं, आणि आलंच तर घंटा वाजत नसते." हे वाक्य मला इतकं आवडलं की बायकोलाही वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "बाईला बरं वाटलं असेल फार."

दोन-चार दिवसांनी बाईंचा फोन आला.

"दादा, वाचलं तुमचं."

"मग, राग आला का?"

"राग कशाला? घंटा काढली मी. रडनंबी काढलं. भात चढवला तितंच थांबवली. चालंल?"

मी हबकलोच. मी तर भांडायची तयारी करून बसलो होतो. "एवढं सगळं मान्य?"

"तुमी शिकलेली मानसं. मला फकस्त एक सांगा, गोष्टीच्या खाली नंबर छापतात ना? मोबाइलचा?"

मराठीत ही जुनी रीत आहे. दिवाळी अंक असो की असला संग्रह, कथा संपली की खाली लेखकाचं गाव आणि फोन नंबर येतो. वाचणाऱ्याला आवडलं तर त्यानं फोन करायचा. नाही आवडलं तर जरूर करायचा.

मी हसलो. "काय ताई, आत्तापासून चाहत्यांची तयारी?"

त्याही हसल्या. "हां, तसंच समजा. तेवडा नंबर बघा म्हंजे झालं."

पुढच्या बैठकीत सर कच्ची पानं घेऊन आले. बाई आल्या नव्हत्या. प्रत्येक कथेखाली ठसठशीत नंबर बघून माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि म्हणालो, "सर, हे पुस्तक आहे का मंडप डेकोरेटरचं कार्ड?"

सगळे खो खो हसले. शेलूचे एक गृहस्थ तेवढे म्हणाले, "माझा राहू द्या बुवा, मुलीचं जमवायचंय." पण हशा माझ्या बाजूनं होता आणि हशाला आमच्याकडं ठरावाची किंमत आहे. सर म्हणाले, बरोबर आहे, पुस्तक कसं भारदस्त दिसलं पाहिजे. नंबर गेले. बाईंचं बोलणं मला आठवलं होतं. नाही असं नाही. म्हटलं, वाचेल कोण आणि फोन करेल कोण!

भारदस्तपणाचं माझं कारणही सांगून टाकतो. माझ्या कादंबरीच्या पाठीवर माझा नंबर जाड टायपात होता. त्यावर आजवर एकच फोन आला, आणि त्या माणसाला टेंपो हवा होता. ज्या रीतीनं मला काही दिलं नाही, ती रीतच वाईट असं मी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी बाईंना गाठलं. पहिली शिफ्ट सुटलेली, ओढणीनं तोंड पुसत त्या बाकावर बसल्या होत्या. मी बैठकीचा वृत्तांत रंगवून सांगितला. मंडप डेकोरेटरपाशी आलो तेव्हा थांबलो, म्हणजे त्यांना हसायला जागा मिळावी.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजे माझाबी नाय?"

"कुणाचाच नाही. सगळ्यांना सारखा नियम."

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "दादा, ती गोष्ट माझीच हाय."

"तुमचीच आहे, नाव छापणारच की खाली."

"तसं नाय."

आणि मग त्यांनी सांगितलं, समोरच्या रस्त्याकडं बघत. त्यांच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. त्यानं घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचा, नदीवर जाऊन बसायचा, डबा खायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळी परत यायचा. एक दिवस धाकट्या दिरानं बघितलं आणि चार माणसांत बोलून दाखवलं, बायको कमावते आणि हा नदीवर बसून डबे खातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन गेला तो गेलाच. फोन घरात चार्जिंगला लावलेला राहिला.

"पोलिसात दिलं. फोटो लावले. खोपोली, पनवेल, सगळीकडं फिरले," त्या म्हणाल्या. "माझा नंबर त्यांना पाठ नाय, दादा. कुनाला पाठ असतो सांगा? नाव दाबलं की लागतो. आता वाटलं तरी फोन कुठं करनार?"

"पण मग पुस्तकात..."

"मानूस वाचनारा. भजी बांधून आनली तर कागद सरळ करून वाचायचा, मग टाकायचा. मला वाटलं, तुमच्यात लोक लांबलांबची हायत. कुनी पुस्तक सासरी नेईल, कुनी भावाकडं गुजरातला. पडंल कुठंतरी हातात. डबा वाचला की समजंल, ही आपलीच गोष्ट हाय, घरी कुनी काय विचारनार नाय. आनि खाली नंबर."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काय सांगू? तुमी लिहिलंवतं ना, असं कुनी परत येत नसतं."

हे त्या टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं. टपरीवाल्यानं विचारलं, "अजून एक कटिंग?" आणि मी त्याला हो म्हणालो की नाही हे मला आठवत नाही. चहा मात्र आला.

मी तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, नंबर परत घालायचे."

"पानं छापखान्यात गेली. प्लेटा झाल्या."

"सर, माझं चुकलं. मी गाढव आहे."

"ते असेल. पण प्लेटा झाल्यात."

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट माझ्यापुढं आपटलं, तेव्हा सांगितलं. तिनं ताटावर झाकण घातलं. मग म्हणाली, "अहो, छापलेलं पुस्तक म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का? शिक्का करून घ्या रबराचा. रेशनवाला मारतो तसा मारा प्रत्येक पुस्तकात."

लिहिणाऱ्या इतक्या माणसांपैकी हे एकालाही सुचलं नव्हतं.

कर्जतच्या बाजारात बाईंच्या नंबरचे दोन शिक्के करून मिळाले. गठ्ठे आले त्या दुपारी बाई आणि मी सरांच्या ओसरीवर बसलो. सर मनातून खूश नव्हते. पुस्तकाचं रूप बिघडतंय म्हणून आत-बाहेर करत होते. सरांच्या पत्नीनं पोहे आणून ठेवले. आम्ही मारायला लागलो. बाई एकेक पान जपून उघडायच्या, शिक्का टेकवायच्या, वर फुंकर घालायच्या, मग पुस्तक मिटायच्या. मी दणादण. बोलत बोलत, पोहे खात खात. कथा संपून अर्धं पान कोरं दिसलं की मार शिक्का.

बऱ्याच वेळानं बाईंनी माझ्यापुढचं एक पुस्तक उचललं. बघितलं, दुसरं उचललं.

"दादा, ही तुमची गोष्ट हाय."

त्यांच्या कथेच्या लगेच मागं माझी होती. गठ्ठाच्या गठ्ठा मी माझ्या कथेखाली त्यांचा नंबर मारून ठेवला होता. थुंकीनं पुसायला गेलो तर निळा डाग पसरला आणि कागद फाटला. मला वर बघायची हिंमत होईना. पण त्या हसत होत्या. त्यांना मनापासून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"असू द्या. माझ्या गोष्टीखालीबी मारू त्यांच्यात. तुमची वाचून तरी कुनी फोन करंल."

प्रकाशन झालं. पाहुण्यांनी भाषणात पुस्तकात नसलेल्या एका कथेची फार स्तुती केली. बाई शेवटच्या रांगेत होत्या. प्रत हातात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपलं पान उघडलं आणि शिक्क्यावर अंगठा फिरवला, वाळलाय का बघायला. मग प्रत्येक लेखकानं आपापल्या वाटणीच्या प्रती उचलल्या आणि पुस्तक चालायला लागलं. शेलूच्या गृहस्थांनी व्याह्यांकडं पाठवलं, कुणी बहिणीला दिलं, कुणी साहेबाला. माझी कादंबरी मी शेजारच्या गल्लीतही नेली नव्हती. हे पुस्तक मात्र मी खोपोलीच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांना दिलं, एसटीच्या कंडक्टरला दिलं, सुरतला मेव्हण्याकडं पाठवलं. एका ड्रायव्हरनं विचारलं, "भजनाचं आहे काय?" म्हटलं, "तसंच समज, पण पुढं जाऊन कुणाला तरी दे."

आणि फोन यायला लागले. माझ्या कथेचे.

एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी बाईंना फोन करून माझ्या नायकाची सालटी काढली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि टपरीवर मला पोचतं केलं. "तुमचा तो बापू बिनडोक हाय म्हनाले. मी म्हटलं, सांगते त्यास्नी." दुसऱ्या कुणाला शेवट कळला नव्हता. तिसऱ्यानं आपल्या कविता ऐकवल्या. सुरुवातीला आम्ही हसत होतो.

एका दुपारी त्या टपरीवर आल्या आणि बाकावर नुसत्याच बसल्या. चहा सांगितला नाही. पॅकिंगच्या लाइनवर असताना फोन वाजला होता, अनोळखी नंबर. सुपरवायझर समोर उभा. हातातला खोका ठेवून फोन काढेपर्यंत कट झाला. मग त्या बोलणी खात बाहेर आल्या, परत लावला, समोरून गडी माणूस बोलला. "हॅलो म्हनाला, तर मी तितंच खाली बसले, दादा." तो पुण्याकडचा कुणी होता. त्याला माझ्या कथेतली भाषा आवडली होती.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाचक मिळत होते, आणि त्यातला प्रत्येक जण त्या बाईंच्या काळजावर पाय देऊन माझ्यापर्यंत येत होता. चुकीच्या शिक्क्याच्या त्या प्रती परत गोळा कराव्यात असं मनात आलं. पण गेलेलं पुस्तक कुठं सापडतं! आणि बाईच म्हणाल्या, नको. ज्यात चुकीचा आहे त्यात बरोबरही आहे ना.

त्यांच्या कथेचे फोन आले ते थोडे आणि बहुतेक बायकांचे. त्यांतली एक घाटावरची होती. तिचाही माणूस असाच निघून गेलेला. ती आठवड्याला फोन करायला लागली. मी बाईंना विचारलं, काय बोलता? तर म्हणाल्या, "काय नाय. आज काय केलं जेवायला, ते." पाऊस गेला, भात कापून झाला, झोडून झाला. माझ्या नायकाला शिव्या देणारेही थकले. ज्याचा फोन यायचा त्याचा आला नाही.

नव्या लिहिणाऱ्यांना मी इथं थांबून काय सांगतो? संग्रहात गेल्यानं तुमचं नाव होत नाही. माझं झालं नाही. पण तुमचं लिखाण तुमच्या ओळखीच्या बाहेर जातं, ज्यांच्यासाठी लिहिलं नाही त्यांच्या हातात पडतं. दुसऱ्याच्या कथेशेजारी तुमची कथा बसते, आणि शेजार सोसावा लागतो, दोघांनाही. एवढंच. ह्याहून गोड काही माझ्यापाशी नाही.

यंदा सरांनी दुसरा संग्रह काढायचा ठरवला. नंबर छापायचे, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत माझ्याकडं बघून जाहीर केलं. पण छापून आलेली कथा चालणार नव्हती. हे सांगायला मी बायकोला घेऊन बाईंच्या घरी गेलो. एक खोली, पुढं पडवी. त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या.

"नवीन कुठून आनू?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडं एकच गोष्ट होती. ती दिली."

बायको म्हणाली, "त्या घाटावरच्या बाईशी बोलता ते लिहा की. काय केलं जेवायला."

"ते कोन वाचंल गं?"

"हे वाचतील. ह्यांना शब्द कापायला पण काही मिळणार नाही त्यात."

तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. बाईंचे दोन्ही हात पिठाचे. त्यांनी मान वळवून स्क्रीन बघितली. नंबर नावाशिवायचा. तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्यांनी पदराला हात पुसले, फोन घेतला आणि पडवीत गेल्या. बायकोनं पुढं होऊन भाकरी उलटली. मी भिंतीकडं बघत बसलो. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मग एकदा "अच्छा, अच्छा" असं ऐकू आलं आणि मला कळलं, हा तो नव्हे.

त्या आत आल्या. फोन जागेवर ठेवला.

"लोन पायजे का विचारत होता. हिंदीत." त्यांनी परत पिठाचा गोळा हातात घेतला. "सकाळपास्नं बोलून बोलून आवाज बसलेला त्याचा. म्हटलं, खाना खाया क्या? तर लोनचं इसरलाच. मग म्हनाला, नाय अजून."

"मग?"

"मग काय. म्हटलं, आधी खा जा."

बायकोनं त्यांच्या हातातून गोळा काढून घेतला आणि ती स्वतः थापायला बसली.